मार्थाबाई आणि वेदीची लेस

मार्थाबाईंच्या खोलीत शिरायचं तर आधी दोन्ही हात दाखवावे लागत. "नखं पाहू दे," म्हणत त्या उंबऱ्यातच अडवायच्या. पन्नाशी उलटलेल्या या आमच्या जऊळका गावातल्या शेजारीणबाई मिशनच्या छोट्या चर्चमध्ये झाडलोट करायच्या आणि वेदीवरच्या कापडाची लेस सांभाळायच्या.

ती लेस इटलीहून आलेल्या एका सिस्टरनी तरुणपणी नुसत्या सुईदोऱ्याने केली होती. द्राक्षांचे वेल, गव्हाच्या ओंब्या, आणि खाली कापड नाहीच. टाके जणू हवेत घातलेले. बाईंनाही ते काम त्यांनीच शिकवलं होतं.

या लेसपायी बाईंना सगळ्याची धास्ती. जवळून जाणाऱ्या रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांची, झुरळांची, माझ्या शिंकेची. "माहं मरण हाय ते," असं त्या दिवसातून दहादा म्हणायच्या. मला हसू यायचं.

नाताळाच्या पंधरा दिवस आधी त्यांनी लेस रिठ्याच्या पाण्यात धुऊन अंगणातल्या खाटेवर वाळत घातली, आणि माझ्याच बकरीने तिचा वीतभर कोपरा खाल्ला.

मी रडायला लागले. बाई रडल्या नाहीत, पांढऱ्याफटक पडल्या. त्या म्हाताऱ्या सिस्टर आता नागपूरला असायच्या आणि सणाला येणार होत्या. मी सगळं कबूल करते म्हटलं. बाईंनी मला गप्प केलं, दार लावलं आणि सुई धरली. त्यांना कमी दिसायचं, म्हणून दोरा मी ओवायची. प्रत्येक टाक्याआधी त्या मनगट मांडीवर दाबून धरत. जेवण सुटलं. रस्त्यात सायकलची घंटी वाजली तरी लेस पदराखाली जाई. काम संपलं ते सणाच्या आदल्या दुपारी.

त्याच दिवशी सिस्टर आल्या. त्यांची नजर गेली होती. बोटांनीच लेस चाचपत निघाल्या. नव्या कोपऱ्यावर बोट थांबलं. बाईंनी माझा दंड घट्ट आवळला.

"हा टाका माहा नोहे," सिस्टर आमच्याच बोलीत म्हणाल्या. "तुहा हाय. चांगला हाय."

बाईंना पुढचं ऐकूच गेलं नसावं. जमिनीकडे पाहत त्या म्हणाल्या, "मले आता परत पाठवसान."

"कुठी?" सिस्टरनी विचारलं.

दुष्काळात चार वर्षांच्या असताना कुणीतरी बाईंना मिशनच्या दारात सोडून गेलं होतं. कोण, कुठल्या गावचं, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

सिस्टर चाचपडत पुढे आल्या. बाईंचा खांदा सापडला तशा त्याला धरून खाली बसल्या. बाईही बसल्या.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा बाईच द्यायच्या. त्या दिवशी दोघी तशाच बसून होत्या, म्हणून ती मी दिली.