बापूंची पाहुणी

भर पावसात स्वतः चिंब भिजत कुंडीवर छत्री धरून उभा असलेला म्हातारा दिसला, तर दुसरं कुणी असण्याची शक्यता नाही. ते आमचे शेजारी बापू पाष्टे.

छत्रीखाली असे लव्हेंडरचं रोप. मे महिन्यात मुंबईहून आलेली त्यांची नात मनू जाताना ते देऊन गेली होती. "आजोबा, हे माझं झाड. सांभाळा हं." रत्नागिरीच्या दमट हवेत हे टिकायचं नाही, असं मी सहज म्हटलं, तर बापू उसळले. "मला शिकवतोस मेल्या? खात्यात होतो मी!"

खातं शेतकीचं, हे खरं. पण बापूंनी तिथे उभा जन्म आवक-जावकच्या टेबलावर काढला. झाडांशी संबंध खिडकीतून दिसणाऱ्या बदामापुरता.

रोपाला ते 'पाहुणी' म्हणत, आणि पाहुणीला उपाशी ठेवायची आपल्याकडे रीत नाही. आमच्या आळीत माडापासून मोगऱ्यापर्यंत सगळ्यांना मिळतं तेच तिलाही मिळू लागलं: मासे धुतलेलं पाणी. श्रावणात घरात मासळी बंद, तर बापू बरणी घेऊन थेट कोळणींकडे जायचे. लव्हेंडरला बांगड्याचा वास सुटला. आळीतली मांजरं कुंडीभोवती बैठक मारून बसू लागली.

गणपतीपर्यंत पाहुणी काळवंडली. बापू कुंडी घेऊन आमच्या ओटीवर आले, तेव्हा त्यांचा चेहरा बघून चेष्टा करायचं माझ्या जिवावर आलं. मी ओळखीच्या नर्सरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, पाणी अगदी कमी, खत बंद, निचऱ्याची हलकी माती आणि थोडा चुना द्या.

"म्हणजे उपाशी ठेवू हिला?" बापू हबकले. "असली कसली गो बाय ही!"

पण ऐकलं. कुजलेली मुळं छाटली, नदीची वाळू आणि बारीक खडी आणली. चुन्यासाठी खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटायला घेतल्या. मग आळीत कुणाकडे तिसऱ्यांचं सुकं झालं, की शिंपल्या बापूंकडे पोचत्या व्हायच्या. दसऱ्याच्या सुमारास बुडाशी कोवळा कोंब दिसला. बापूंनी पेढे वाटले.

आता तिला जमिनीत लावायचं ठरलं, आणि नवा तमाशा सुरू झाला. एका काखेत कुंडी, दुसऱ्या हातात उंच धरलेला मोबाइल, अशा थाटात बापू आवारभर फिरू लागले. मला वाटलं, उन्हाची दिशा बघतायत. मी विहिरीजवळची छान उघडी जागा सुचवली. "नाय." माझ्या बायकोने तुळशीमागची सुचवली. "नाय." शेवटी त्यांनी ठरवली ती जागा आमच्या दोघांमधल्या दगडी गडग्याला लागून, ज्याच्या अलीकडे मी पालापाचोळा जाळतो.

"इथे? धुरात?"

"इथेच. खात्यात होतो मी!"

त्यांनी मातीचा उंचवटा केला, खाली खडी घातली आणि पाहुणीला बसवलं. मी मुकाट्याने पाचोळा जाळायची जागा बदलली.

रविवारी संध्याकाळी गडग्यापलीकडून आवाज आला. बापूंनी मोबाइल दगडाला टेकवला होता आणि पडद्यावर मनू होती. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आमची आळी सखल, रेंजची कायमची बोंब. व्हिडिओ कॉल न तुटता चालेल अशी बापूंच्या आवारात तेवढी एकच जागा होती.

"आधी पोर 'कसे आहात' विचारायची," ते नंतर मला म्हणाले. "मी 'बरा' म्हणायचो. की झालं, फोन बंद. दुसरं काय बोलणार रे पोरीशी?"

मला वाईट वाटलं. शेजारी राहून हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मात्र ते रंगात होते. एकेक पान बोटाने वर करून दाखवत होते. वरचं झालं, मधलं झालं, नवा कोंब दोनदा झाला.

"छान आहे, आजोबा. ठेवू आता?"

"थांब गो जरा," बापू घाईघाईने गुडघ्यांवर बसले. "मागच्या बाजूची पानं राहिली."