सहाव्या मजल्याचं पार्सल

आमच्या वारज्यातल्या सोसायटीत साथीच्या पहिल्या वर्षी एकही नियम मोडला गेला नाही. आपण भेटायला आलाच आहात, म्हणून हे आधी सांगून ठेवतो. सुरक्षा उपसमितीचा निमंत्रक या नात्याने ते मीच सांगायला हवं, कारण उपसमितीत दुसरं कुणी नव्हतं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मी आवक-जावक सांभाळली. कालव्यात पाणी असो वा नसो, आमच्या टेबलावरून कागद वेळेवर पुढे जात असे.

सहाव्या मजल्यावर आनंदीबाई बेहेरे राहतात. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या अंथरुणाला खिळल्या आणि कमरेखाली त्यांना जखम झाली. रुपयाच्या नाण्याएवढी. रोज ड्रेसिंग झालं तर भरून येईल, चुकलं तर आत आत जाईल, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. त्यांचे यजमान श्रीनिवासराव आमटी उत्तम करतात, पण हात कापत असल्यामुळे चिमटा त्यांना धरवत नाही. म्हणून घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या अ‍ॅपवरून त्यांनी सिस्टर मागवली. तिचं नाव दीपमाला. येरवड्याहून स्कूटरवर यायची.

“येरवडा म्हणजे?” पहिल्या दिवशी मी गेटवर विचारलं.

“तुरुंगाच्या बाहेर, काका,” ती म्हणाली.

परिपत्रक क्रमांक एकनुसार बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाचा ताप मोजायचा होता. हे काम मी वॉचमनवर सोडलं नाही. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून आकडा वाचताना मी मास्क हनुवटीवर घेत असे आणि अचूकतेसाठी जरा जवळ जात असे. दीपमाला दर वेळी दोन पावलं मागे सरकायची. तिची ही टाळाटाळ मी नोंदवून ठेवली.

परिपत्रक दोन: सेविकांनी लिफ्ट वापरू नये. हे रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी. परिपत्रक तीन: वर पोचल्यावर ताप पुन्हा मोजावा. ते लागू झालं त्या दिवशी ती पीपीई किट घालून सहा मजले चढून आली, तर आकडा शंभर. मी तिला खाली पाठवलं.

“अहो काका, हे प्लॅस्टिक घालून सहा मजले चढलं की कुणालाही ताप येईल.”

“तेच म्हणतोय मी. ताप आहे.”

ती पायरीवर बसून निवायची, पुन्हा चढायची, पुन्हा तापायची. एकदा तिने विचारलं, “मला पेशंटच्या घरातून काही होऊ नये म्हणून काय नियम आहे? घरातल्यांचा ताप कोण बघतं? त्यांचा फॉर्म कुठंय?”

मी तिला शांतपणे समजावलं की घरातले हे रहिवासी आहेत.

परिपत्रक चारने चाचणीचा अहवाल सक्तीचा केला आणि तो चोवीस तासांच्या आतला हवा असं ठरवलं. प्रयोगशाळा अहवाल द्यायला तीस तास घेत असे. हा प्रयोगशाळेचा दोष. परिपत्रकात खोट काढता येणार नाही. दीपमाला चार दिवस गेटपर्यंत आली आणि चार दिवस परत गेली. पाचव्या दिवशी सकाळी श्रीनिवासराव जिना उतरून पाचव्या मजल्यावर माझ्या दारात आले. जखम आता पाणीपुरीच्या पुरीएवढी झाली होती. “तिला कूस बदलवत नाही हो,” ते म्हणाले. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

वहीबद्दल सांगायला हवं. कुठलंही परिपत्रक सगळ्या चौसष्ट घरी सहीसाठी फिरवल्याशिवाय लागू होत नाही, ही आमची शिस्त. मोबाइलवरच्या अंगठ्याला मी सही मानत नाही. ‘कुणीही कुणाच्या दारी जाऊ नये’ हे परिपत्रक सहा घेऊन मी चौसष्ट दारी गेलो. बेल वाजवायची, वही पुढे करायची, पेन हातात द्यायचं. पेन एकच, वहीला सुतळीने बांधलेलं. खात्यात पेनं गायब व्हायची, तेव्हापासूनची सवय. लोक पेन दातात धरून नियम वाचत असल्याचा आव आणायचे आणि सही करायचे. सही दिली नाही ती एकट्या आनंदीबाईंनी.

“मी वाचल्याशिवाय सही करत नाही,” त्या आतूनच म्हणाल्या होत्या. “आणि वाचल्यावर तर मुळीच करणार नाही.”

श्रीनिवासराव वर गेल्यावर थोड्याच वेळात आनंदीबाईंचा फोन आला.

“काल समोरच्या ऋचाकडे एअर फ्रायर आला. तो कसा वर आला?”

“परिपत्रक सात. पार्सलवर फवारा मारून ते लिफ्टने वर पाठवायचं.”

“पार्सलची चाचणी?”

“पार्सलला कशाला चाचणी?”

“पार्सलचा ताप?”

“आनंदीबाई, आपण शिक्षिका आहात.”

“म्हणूनच गृहीतकं तपासून घेतेय. उद्या माझं पार्सल येणार आहे. बावन्न किलो.”

दुसऱ्या दिवशी दीपमाला गेटवर उभी. किटवर छातीशी कागद चिकटवलेला: बेहेरे, सहावा मजला, उभे ठेवावे. मी परिपत्रक सात तीन वेळा वाचलं. ‘रहिवाशाने बाहेरून मागवलेले व घरपोच येणारे ते पार्सल,’ ही व्याख्या माझ्याच हातची होती. खात्री करायला मी कंपनीला फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, “सर, सिस्टर पोचल्या की आमच्या सिस्टिममध्ये ‘डिलिव्हर्ड’च येतं.” मग प्रश्नच मिटला. वॉचमन नागोराव “डोळे मिटा, ताई” म्हणत तिच्याभोवती फवारा मारून मोकळा झाला. लिफ्टचं दार बंद होताना मी तिला ताकीद दिली की पार्सलने वाटेत कुणाशी बोलू नये.

माणूस म्हणून जी सहाव्या मजल्यावर पोचत नव्हती, ती पार्सल म्हणून रोज नऊच्या ठोक्याला पोचू लागली. जखम पुरीवरून नाण्यावर आली, मग बटणावर, आणि दीड महिन्यात भरली. परिपत्रक दहाच्या वेळी मी मोठ्या मनाने वही तिच्यापुढेही धरली.

“पार्सल सही करत नाही, काका,” ती छातीवरच्या कागदाकडे बोट दाखवत म्हणाली. “आणि ते पेन पुसा की हो. मास्क पण वर घ्या.”

एका पार्सलने मला शिकवावं, हे मला लागलं.

त्यानंतरच्या आठ दिवसांत सोसायटीतली एकोणीस घरं आजारी पडली. महापालिकेच्या माणसाने फोनवर विचारलं, या सगळ्यांच्या संपर्कात कोण आलं होतं? माझी नोंदवही तयार होती. एकोणीसही घरांच्या सह्या, तारीख-वेळेसह, सलग दोन पानांवर. “वही घेऊन कोण फिरलं?” त्याने विचारलं. ही आमची अंतर्गत बाब असल्याचं मी त्याला कळवलं. बेहेरे मात्र दोघंही ठणठणीत. त्यांचं पार्सलही.

विसावं घर माझं. सौ. आतल्या खोलीत खोकत होती, मी बाहेरच्या. रुग्णालयात खाट नव्हती. डॉक्टर म्हणाले, घरी सिस्टर ठेवा, ऑक्सिजन बघत राहा. मी कंपनीला फोन केला, तर तोच मुलगा म्हणाला, “सर, तुमच्या सोसायटीत यायला कुणी तयार नाही. एक सिस्टर आहेत, पण त्या पार्सल म्हणूनच येईन म्हणतात.”

दीपमाला आली. तिने खिडक्या उघडल्या, आम्हा दोघांना पालथं झोपायला लावलं, बोटाला यंत्र लावलं. मग माझा हनुवटीवरचा मास्क धरून नाकावर नेला. “हा इथे असतो, काका.” मी घाबरलो होतो. इतका, की तिचा हातमोजा धरून मी रडलो. तिने हात सोडवून घेतला नाही. जाताना एक चिठ्ठी पुढे केली: पार्सल सुस्थितीत मिळाले. मी सही केली. पेन तिचं होतं. तिने ते आधी पुसलं आणि नंतरही पुसलं.

आता साथ सरली. मी स्वतः एकेक परिपत्रक मागे घेतलं. ताप गेला, अहवाल गेला, फवारा गेला, पार्सलची व्याख्याही गेली. परिपत्रक दोन तेवढं राहिलं. त्यात आकस काही नाही. कुणी विषयच काढला नाही. दीपमाला हल्ली पाचव्या मजल्यावरच्या एका पेशंटकडे येते. जिन्याने. भेटली की थांबून माझी तब्येत विचारते, तिला तेवढीच विश्रांती होते.

आपण मात्र लिफ्टने आलात, बरं झालं. या उन्हात पाच मजले म्हणजे दम लागतो. खाली नागोरावने वही पुढे केली असेल. सही केलीत ना? तिच्या वर छापलंय, ‘खालील नियम मी वाचला असून तो मला मान्य आहे.’ नियम एकच उरलाय, दोन ओळींचा. वाचलात?

असू द्या, असू द्या. कुणीच वाचत नाही. पेन तेवढं तोंडात नाही ना धरलंत?