सहा आठवड्यांची बॅटरी आणि माझी शोकांतिका

काही झालं तरी फजिती होऊच द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं! वाचनालयात पहिल्यांदाच माझी कथा वाचायची होती. कागद धरला की माझे हात इतके थरथरतात की फडफड शेवटच्या रांगेत ऐकू जावी. म्हणून पडद्यावर वाचायचा ई-रीडर घेतला. खोक्यावर ठळक छापलं होतं : बॅटरी सहा आठवडे!

"अहो, चार्ज केलंत का?" निघताना बायकोने विचारलं.

"पंधराच दिवस झालेत. अजून महिनाभर बघायला नको!"

खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'रोज अर्धा तास, मंद उजेडात' असंही होतं, हे मी नंतर वाचलं. मी रोज तासभर, पूर्ण उजेडात, आरशासमोर तालीम करत होतो. आणि चाळीस वर्षं छापखान्यात चुका शोधणारा मुद्रितशोधक होतो, बरं का!

समोर तीस माणसं. कथा परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या एका एकट्या घड्याळजीची. लोकांनी डोळे पुसावेत म्हणून दोन वर्षं घासलेली. दुसऱ्याच पानावर कोपऱ्यात दिसलं : चार टक्के!

मी वेग वाढवला. घड्याळजीची बायको एकाच श्वासात आजारी पडली, वारली आणि तिचं तेरावंही उरकलं. कुणीतरी खुदकन हसलं.

"अहो, माझा चार्जर लावा!" बायको पर्स उपसत धावत आली.

प्लग जमिनीलगत, वायर वीतभर. मी उकिडवा बसून वाचत राहिलो. टेबलावर फक्त माझं टक्कल! घड्याळजी हुंदके देतोय आणि ते हुंदके टेबलाखालून येतायत. सभागृह खो खो हसू लागलं.

"तो प्लग बंद आहे हो, दोन वर्षं झाली!" ग्रंथपाल बाई ओरडल्या.

ई-रीडरच्या पडद्यावरून कथा गेली आणि रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं.

मी उठलो. 'इथेच संपली' म्हणून घर गाठावं, असा विचार होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "अहो, पण मुलगा येतो की नाही?"

सत्तर वर्षांत मला कुणी 'पुढे काय?' विचारलं नव्हतं. घरीसुद्धा!

"सांगतो," मी म्हणालो. लिहिताना मुलगा आलाच नव्हता. पण ते चेहरे पाहून तसं सांगायची माझी छाती होईना. आणला मुलगा! सामानासकट आणला, दारात उभा केला, बापाला ओळखसुद्धा पटवून दिली. हातात काहीच नव्हतं, तरी हात थरथरले नाहीत.

टाळ्या थांबेनात. आजी डोळे पुसत होत्या. हसून की रडून, विचारायचा धीर झाला नाही.

"पुढच्या महिन्यात नक्की या," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "विनोदी कथाकार मिळतात कुठे हल्ली!"

मी भिडेपोटी हो म्हणालो. घरी येऊन सगळ्या वह्या चाळल्या. एकूण अकरा कथा, प्रत्येकीत कुणी ना कुणी वारतंच!

"त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. "त्याच घ्या. फक्त भरभर वाचा!"