दिग्विजयची धपाटी

दुर्गाबाईंनी कॅन्टीनची नोकरी सोडून निघोज्यात कंपनीच्या गेटसमोर धपाट्यांचा गाळा टाकला, तेव्हा त्यांच्या मुलानं, प्रज्वलनं, रहाटणीच्या घरी बसून ऑनलाइन दुकान बांधायला घेतलं. ‘हेडलेस’ दुकान. म्हणजे ऑर्डरींचा कारभार मागे तयार मिळतो, पुढचा दर्शनी भाग आपण बांधायचा.

“बिनडोक्याचं दुकान?” दुर्गाबाई म्हणाल्या. “आन् त्यात गिऱ्हाईक यायचं कुठून?”

“आई, चूक होऊच शकत नाही यात. टाइप्ड लायब्ररी आहे, म्हणजे प्रत्येक रकाना तपासणारा तयार कोड. नगाच्या जागी आकडाच लागतो, नावाच्या जागी अक्षरंच. जरा गफलत झाली की लगेच लाल रेघ!”

“शनिवारपर्यंत वाट बघते. न्हाईतर सोमवारी परत कॅन्टीन. ठेकेदार रोज फोन करायलाय.”

शनिवारी सकाळी प्रज्वलनं चाचणीसाठी दिग्विजय नावाचं गिऱ्हाईक मनानंच रचलं. फाइल सेव्ह केली की दिग्विजय आपोआप चार धपाटी मागवायचा. प्रज्वलनं बटणाचा रंग बारा वेळा बदलला आणि बाराही वेळा फाइल सेव्ह केली. एकही लाल रेघ आली नाही. पठ्ठ्या स्वतःवरच खूश. फक्त त्या ऑर्डरी चाचणीच्या दुकानात न जाता खऱ्या दुकानात, म्हणजे थेट आईच्या मोबाइलवर पोचत होत्या. कोडमध्ये लिहिलेला पत्ता भलत्याच दुकानाचा असला तरी होता अक्षरांतच, आणि लायब्ररीला तेवढं पुरेसं होतं.

दुपारी दोनला आईचा फोन आला.

“पोरा, दिग्विजय देवमाणूस हाय! अठ्ठेचाळीस धपाटी मागवली बघ. पीठ संपलं, शेजारच्या गिरजाबाईकडून उसनं आणलं. आन् ठेकेदाराला सांगून टाकलं, येत न्हाई म्हनून. त्यानं दुसरी बाई ठेवलीबी!”

प्रज्वलनं ऑर्डरींची यादी उघडली: बाराही ऑर्डरी त्याच्याच दिग्विजयच्या. त्यानं गाडी काढली ती थेट निघोज्यात थांबवली.

फर्स्ट शिफ्ट नुकतीच सुटली होती. दुर्गाबाई टोपली घेऊन गेटसमोर ओरडत होत्या, “दिग्विजय कोन हाय? धपाटी गरम हायेत!”

भुकेले कामगार थबकले.

“मीच की, मावशी!” एकजण पुढं झाला.

“काय राव, दिग्विजय तर मी!” दुसऱ्यानं त्याला बाजूला सारलं.

बघता बघता गेटवर बारा दिग्विजय जमले. टोपली रिकामी झाली. मागचे कुरकुरले, “आम्हाला नाही का, मावशी?”

“ज्यानं ऑनलाइन मागवलं त्यालाच!” दुर्गाबाईंनी गाळ्याच्या फळीवर चिकटवलेल्या ऑनलाइन दुकानाच्या क्यूआर कोडकडं बोट दाखवलं. सगळ्यांनी मोबाइल काढले.

प्रज्वलनं आईला बाजूला घेतलं. त्याला शरमेनं मान वर करवत नव्हती. “आई, दिग्विजय नावाचं कोणी नाहीच गं. मीच खोटं गिऱ्हाईक केलं होतं. माझ्यामुळं तुझी नोकरी गेली.”

दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. मग पुन्हा. मग वाजतच राहिला. प्रज्वलनं बघितलं. सोमवारच्या सात ऑर्डरी. सात वेगळे नंबर, आणि सातही ठिकाणी नाव एकच, दिग्विजय. नगाच्या जागी आकडा, नावाच्या जागी अक्षरं. लाल रेघ कुठंच नव्हती.

“न्हाई कसा?” दुर्गाबाई पदर खोचत म्हणाल्या. “सात हायेत. जा, गिरजाबाईकडून पीठ आण.”