चेंडूवरचं बल

"दिवाळीच्या आत माझ्या संशोधनाची माहिती गोळा होतेय बघा! शिकवायचं काहीच नाही. पोरं चुकीचा विचार का करतात, ते नुसतं ऐकायचं!"

इस्लामपूरच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या जयराज सरांनी स्टाफरूममध्ये असं जाहीर केलं, तेव्हा वीरधवल सरांना चहाचा ठसकाच लागला. हे आणि नुसतं ऐकणार? लग्नपत्रिकेतल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून ती यजमानांना परत देणारा माणूस हा!

पण पत्नी वारल्यापासून सरांच्या घरात चुका करायलाही कुणी उरलं नव्हतं. घर इतकं गप्प, की कुकरची शिट्टी झाली तरी सर दचकायचे. म्हणून तर पन्नाशी ओलांडल्यावर पीएचडीची ही उठाठेव! साताऱ्याच्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडमनी बजावलं होतं, "बरोबर-चूक काही सांगायचं नाही. फक्त 'बरं, आणि मग?' एवढंच म्हणायचं."

पहिली मुलाखत त्यांच्याच वर्गातल्या, कुंडलच्या पल्लवीची, तिच्याच घरी, पुढच्या सोप्यात. सरांनी रेकॉर्डर चालू केला आणि चेंडू वर उडवून झेलला. "वर जाताना याच्यावर कुठलं बल काम करतं?"

"हातानं दिलेलं बल, सर. ते सरलं की चेंडू खाली येतोय."

चूक! साफ चूक! सरांच्या जिभेला खाज सुटली. कडू काढा गिळावा तसं त्यांनी ते गिळलं. "बरं, आणि मग?"

पल्लवी तोंड उघडायच्या आत, शेजारी शेंगा फोडत बसलेली तिची आजी सुलाबाई बोलली, "मग काय! माझं बी तसंच हाय. बळ सरलं बघा. ल्योक मिलिट्रीत, सून मोबाइलात..."

सरांच्या तोंडून पाठ केलेलं निघून गेलं, "बरं, आणि मग?"

झालं! सुलाबाईला असं कित्येक वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. सूप बाजूला सारून ती जी सुटली, ती पल्लवी कंटाळून क्लासला गेली तरी थांबेना!

पल्लवीची राहिलेली मुलाखत घ्यायला पुढच्या खेपेला सर गेले, तर सोप्यात ही गर्दी! इस्लामपूरचं सर चेंडू उडवून माणसाचं मन हलकं करत्यात, असं गावभर झालेलं. शिराळ्याहून एक बाई अबोल जावयाला घेऊन आलेली. बांधावरून भावाशी भांडलेला धनाजी तर ओरडलाच, "सर, टाका बॉल वर! माझ्याकडं पडला तर बांध माझा!" तेवढ्यात कुणीतरी चेंडूला कुंकू लावलं!

सर खेकसणार होते, पण नियम आठवला. "बरं... आणि मग?"

धनाजी ढसाढसा रडायलाच लागला.

खरं सांगायचं तर सरांनाही ते आवडायला लागलं होतं. घरी ते रेकॉर्डिंग लावून भाजी चिरायचे. तेवढेच घरात माणसांचे आवाज.

राजेश्वरी मॅडमनी मात्र ते ऐकून कपाळाला हात लावला. "यात फिजिक्स कुठाय?"

"बळाचा उल्लेख आहे की, मॅडम!"

"सगळं रद्द! आता विद्यार्थी एकटा आणि खोली बंद!"

बंद खोलीतलं काम झटपट उरकलं. घर पुन्हा गप्प झालं. एका रविवारी सरांना राहवेना. रेकॉर्डर नाही, चेंडू नाही, नुसतेच एसटीत बसून ते कुंडलला गेले.

सुलाबाईनं घोंगडं अंथरलं. मंडळी जमली तशी ती म्हणाली, "सर, आज तुमी बोला. आमी ऐकतो. घरी कोण असतंय तुमच्या?"

सरांना घरातलं सगळं सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडावं? "हाताचं बल चेंडूत उरत नसतं! हात सुटला की संपलं! वर जातानाही त्याला गुरुत्वाकर्षण खालीच ओढत असतं!"

मग काय, जडत्व, प्रवेग, न्यूटनचे तिन्ही नियम! धनाजीला म्हशीची धार आठवली. अबोल जावई स्वतःहून सासूला म्हणाला, "चला घरी!" बघता बघता सोपा रिकामा झाला.

सर थांबले. चष्मा काढून पुसत राहिले.

"सर," सुलाबाई म्हणाली, "जेवून जावा. पर आता बोलू नगासा."

सर मान खाली घालून जेवले. दुसरी भाकरी वाढायला ती वाकली, तेव्हा 'पुरे' म्हणायचीही त्यांची छाती झाली नाही. त्यांनी नुसता हात आडवा धरला. तिनं तो बाजूला केला आणि वाढली.