मुदत उलटलेलं खत

"हे कधीचं आहे?" औषधवाल्यांनी सवयीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला.

कोंबड्यावाल्याने शेडमागच्या दोन ढिगांकडे बोट दाखवलं. एक काळा, कोरडा, मातीसारखा भुसभुशीत. दुसरा ओला, आणि त्याच्याजवळ उभं राहायचं तर तोंडाने श्वास घ्यावा लागत होता. "हा काळा आठेक महिन्यांचा. मस्त कुजलाय. आणि तो कालचा."

"मग कालचाच द्या."

"काका, कोंबडीचं ताजं खत फार उष्ण असतं. रोपं जळतात त्याने. हे जुनंच न्या."

"अडतीस वर्षं औषधाचं दुकान चालवलंय मी," औषधवाले म्हणाले. "मुदत उलटलेली एक गोळी कुणाच्या हातावर ठेवली नाही. आणि आता घरच्या झाडांना आठ महिन्यांचं शिळं घालू?"

"अहो, पण हे औषध नाहीये."

"झाडांना तेच औषध. आणि जुना माल गळ्यात कसा मारतात ते मला शिकवू नका."

कोंबड्यावाला समंजस माणूस होता. दोनदा सांगून ज्याला पटत नाही त्याला तिसऱ्यांदा सांगायचं नाही, असा त्याचा शिरस्ता होता. त्याने निमूटपणे ओल्या ढिगातून पोतं भरून दिलं. औषधवाले ते स्कूटरच्या पायाशी ठेवून घरी निघाले, तेव्हा सिग्नलला त्यांच्या दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी खिडक्या वर घेतल्या.

एरवी परसबागेशी त्यांचा संबंध फक्त फुशारकी मारण्यापुरता. लग्न झालं तेव्हा त्यांच्या आईने सुनेला टोमॅटोच्या बियांची एक पुडी दिली होती. तो टोमॅटो दिसायला ओबडधोबड, अंगावर फासळ्या असलेला, पण चवीला असा की खाणारा दुसरा मागून घेई. त्या टोमॅटोचं कौतुक औषधवाल्यांनी खोकल्याचं औषध मागायला आलेल्या माणसालाही ऐकवलं होतं. "आमच्या आईचं बी. बाजारात असलं काही मिळत नाही!" पेरणं, बांधणं, पाणी घालणं, किडी वेचणं ही सगळी कामं बायकोची. यांचं काम पिकलेला टोमॅटो हातात धरून गिऱ्हाइकाला दाखवणं.

बायको दोन महिन्यांपूर्वी गेली. तिने जाण्याआधी लावलेली सहा रोपं परसात उभी होती. तिच्या हातचं असं जिवंत आता घरात तेवढंच उरलं होतं. औषधवाले रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यापाशी बसत. काय बोलावं ते सुचत नसे, म्हणून पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत. गेल्या आठवड्यात पानं पिवळी पडू लागली. त्यात मुलीचा फोन. "बाबा, मी रविवारी येतेय. आईची झाडं कशी आहेत?"

"एकदम ठणठणीत," ते म्हणाले, आणि तडक खत आणायला निघाले.

खत त्यांनी दुकानातल्या जुन्या तराजूवर तोललं. दर रोपाला पाव किलो, दिवसातून तीनदा, पाणी दिल्यानंतर. वहीत रोपांना एक ते सहा आकडे देऊन समोर वेळा लिहिल्या. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. अशक्तपणा फार आहे, असं निदान करून त्यांनी मात्रा दुप्पट केली. तिसऱ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या, आणि परसात माश्या इतक्या झाल्या की चहाच्या कपावर बशी झाकून बसावं लागलं.

"भावोजी!" भिंतीपलीकडून शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचा आवाज आला. "काही मेलंय का तुमच्याकडे?"

"खत आहे!"

"कशाला घातलंय एवढं?"

"झाडं आजारी आहेत!"

"खतानेच झाली असतील!"

हे ऐकून औषधवाल्यांचं धाबं दणाणलं. कोंबड्यावाल्याचे शब्द त्यांना आता अक्षरन् अक्षर आठवले. जास्त औषध पोटात गेलं तर भरपूर पाणी पाजतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नळाला पाइप लावला आणि तासभर पाणी सोडलं. परसाचा चिखल झाला. चिखल वाट शोधत भिंतीखालच्या मोरीतून पलीकडे गेला आणि शिक्षिकाबाईंनी पायरीवर वाळत टाकलेल्या चटईखाली शिरला.

बाई फणफणत फाटकातून आत आल्या. चांगलं खडसवायचं म्हणून आल्या होत्या, पण समोरचं पाहून थबकल्या. औषधवाले गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी खत उपसत होते. नाकाला मुलीच्या लहानपणीची ओढणी बांधलेली. आणि ते चौथ्या रोपाला सांगत होते, "चुकलं गं माझं. चुकलं."

बाई तशाच मागे फिरल्या. घरी जाऊन त्यांनी चटई धुतली आणि मग औषधवाल्यांच्या मुलीला फोन लावला.

शनिवारी सहाही रोपं वाळून गेली. औषधवाल्यांनी बी शोधायला स्वयंपाकघर उपसलं. डबे, बरण्या, सुया-दोऱ्यांचा डबा, देवघराचा खण, सगळं पाहिलं. बायकोने इतकी वर्षं बी धरून ठेवलं होतं, म्हणजे कुठेतरी पुडी असणारच. कुठेच नव्हती. ते ओट्याला टेकून उभे राहिले. आईने दिलेलं आणि बायकोने जपलेलं आपण पाच दिवसांत संपवलं, या विचाराने त्यांना हुंदका आला. दुकान बंद केलं तेव्हाही त्यांना इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी मन घट्ट केलं. मुलगी दुपारी येणार होती. त्याआधी कुठलीही सहा रोपं आणून तिथे उभी करायची आणि तोंड मिटून बसायचं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खोटा माल ठेवायचं ठरवलं होतं. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत शिरताना त्यांचे कान गरम झाले.

"टोमॅटो हवाय. ओबडधोबड असतो ना, फासळ्यांचा, तसला काही असेल तर."

"अरेरे, थोडक्यात चुकलात काका," रोपवाटिकेतल्या बाई म्हणाल्या. "सहाच उरली होती. तासाभरापूर्वी एक मुलगी घेऊन गेली. तिची आई एकोणीस वर्षं माझ्याकडून हीच रोपं न्यायची. बिचाऱ्या गेल्या म्हणे."

औषधवाल्यांनी शेजारच्या पिंपाचा काठ धरला. "एकोणीस वर्षं?"

"पहिल्यांदा आल्या तेव्हा रडत होत्या. सासूबाईंनी दिलेलं बी होतं म्हणे. ताजं कोंबडीखत घातलं आणि सगळी रोपं जळाली. बीसुद्धा मागे उरलं नाही. मला म्हणाल्या, अगदी तसलंच काही द्या, यजमानांना कळता कामा नये."

"यजमान रागीट होते का?"

"छे हो! ओरडायचे वगैरे नाहीत. पण त्यांचं स्वतःचं कधी काही चुकत नसे, म्हणून दुसऱ्याचं चुकलं की वर्षभर ऐकवायचे. फार माया होती हो बाईंची त्यांच्यावर. तुम्ही ओळखायचात का त्यांना?"

"नाही," औषधवाले म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "ओळखतो असं वाटायचं."

घरी पोहोचले तर मुलगी आधीच येऊन परसात बसली होती. वाळलेली रोपं उपटून एका कडेला ठेवली होती आणि तिच्यासमोर सहा हिरवी रोपं ओळीने मांडलेली होती.

"बाबा, काळजी करू नका," ती घाईघाईने म्हणाली. "आईने थोडं बी माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. मी रोपं करून आणली. आजीचंच बी आहे."

बोलताना ती बापाकडे न बघता खाली मातीत काडीने रेघोट्या ओढत होती. तिची आईही टोमॅटोबद्दल बोलताना हेच करायची. औषधवाल्यांना वाटायचं, माती तपासते आहे. ओठांवर आलेलं सगळं त्यांनी गिळलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "आईने जपलं, तू जपलंस. मी मात्र रोपं जाळली गं. कोंबड्यावाला सांगत होता, मी ऐकलं नाही."

मुलीने चमकून वर पाहिलं. बापाच्या तोंडून असलं वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

ते तिच्याशेजारी चिखलात बसले. "एक विचारू? काही बिघडलं, चुकलं, तर मला सांगायची भीती वाटते का तुला?"

तिने काडी बाजूला टाकली.

"थोडीशी," ती म्हणाली.

औषधवाल्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात मातीने भरले होते. मग एक रोप त्यांनी अलगद उचललं आणि विचारलं, "हे किती खोल लावायचं? मला यातलं काही कळत नाही."

मुलीने त्यांचं बोट धरलं आणि दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसलं. "एवढं."