कागदावरची सत्यशीला

कागदाच्या कामात परळीत राधाकिशनचा हात धरणारा अजून जन्माला यायचा होता. असं लोक म्हणत नसत, राधाकिशनच म्हणत असे. शाळेत कारकुनी करून दुसऱ्यांचे दाखले लिहिण्यात त्याची वीस वर्षं गेलेली. घराचं कर्ज पतसंस्थेतून उचलून कमी व्याजाच्या बँकेत न्यायचं ठरलं तेव्हा तो बायकोला म्हणाला, "दोन दिवसांचं काम हाय. तू फक्त सहीला ये."

घर दोघांच्या नावावर होतं. बँकेतल्या मॅडमनी खरेदीखत पाहिलं, आधार कार्ड पाहिलं, पुन्हा खरेदीखत पाहिलं.

"खरेदीखतात सत्यशीला आहेत, आधार कडूबाईंचं आहे. सत्यशीला कुठं असतात?"

"घरीच हायत की."

"आणि कडूबाई?"

"त्याबी घरीच."

मॅडमनी चष्मा काढून त्याला नीट बघून घेतलं.

आता ही भानगड काय ते सांगायला पाहिजे. बायकोच्या आईची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरीला कुणाची नजर लागू नये म्हणून कडूबाई नाव ठेवलं, अन् ती जगली. शाळेच्या दाखल्यावर तेच, आधारवर तेच. लग्नात राधाकिशननं रीतीप्रमाणं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सत्यशीला. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले आणि पोटात गेले. नावाची नोंद कुठंच झाली नाही. पुढं घर घेताना या कारकुनानं मात्र खरेदीखतात तेच नाव ऐटीत घातलं.

मॅडम म्हणाल्या, दोन्ही बाया एकच हे सिद्ध करा, नाहीतर घर एकट्याच्या नावावर आणा. राधाकिशनला दुसरा रस्ता सोपा वाटला. बायको काय, सांगू तिथं सही करील. रजिस्ट्री कार्यालयाबाहेर दस्त लिहीत बसणाऱ्या बिभीषण नावाच्या बाँड रायटरनं सल्ला दिला, आधी पेपरात जाहिरात टाका. टाकली. 'सत्यशीला यांनी राहत्या घरावरील आपला हक्क सोडण्याचे ठरविले असून, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.' ज्या बाईनं हे ठरवलं होतं तिला सोडून सगळ्या जिल्ह्यानं ते वाचलं.

जाहिरात आली त्याच सकाळी नऊच्या आत युसूफ वडगावहून मेव्हणा भारत दारात हजर. हातात पेपर, सोबत भावकीतले दोघं.

"दाजी, बहिणीचं काय चुकलं ते सांगा. काडीमोड घ्यायचा तर तोंडावर बोलायचं. पेपरात कशाला?"

"आरं, काडीमोड न्हाई. बँकेचं काम हाय."

"बँकेत बायको सोडायला सांगत्यात व्हय?"

बायकोनं पेपर घेतला. खिडकीवर बसणारी वीज केंद्राची राख पुसायचं फडकं तिच्या हातातच होतं. तिनं जाहिरात दोनदा वाचली. रडली नाही, ओरडली नाही. राधाकिशनला तेच जड गेलं.

"स्लॅबला एकवीस दिवस पाणी कुणी मारलं?" तिनं विचारलं.

"तू."

"आन् नाव माझंच काढाय निघालात. मला न विचारता."

वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती भावकीसमोर वाटली.

सगळे मिळून रजिस्ट्री कार्यालयात गेले. तिनं हरकतीचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला, खाली सही केली: कडूबाई. तो अर्ज वाचून बिभीषणनं डोकं खाजवलं. "हक्क सोडायचा म्हणलं तरी सत्यशीलाच लागती, अन् तिच्याकडं आधार न्हाई. नावच दुरुस्त करून घ्या."

म्हणजे पहिलाच रस्ता. दोन्ही नावांची बाई एकच, असं शपथेवर सांगायला राधाकिशन पुढं झाला. बिभीषणनं त्याला हातानं मागं सारलं.

"तुमचं चालत न्हाई. लग्नाआधीपासून ओळखणारं माणूस पायजे."

शपथपत्र भारतनं केलं. बँक थांबायला तयार झाली. घर विकणाऱ्या जुन्या मालकाच्या हातापाया पडून त्यालाही सहीला आणलं, आणि महिन्याभरानं चूक दुरुस्तीचा दस्त तयार झाला. नाव कोणतं ठेवायचं हे बिभीषणनं तिलाच विचारलं. "जे माझ्या आईनं ठेवलं ते," ती म्हणाली.

रजिस्ट्रीत मशीनवर अंगठा द्यायची वेळ आली. ती बाहेर लिंबाखाली बायांत बसलेली. बिभीषण म्हणाला, "हाक मारा की मालकिणीला."

राधाकिशन दारात उभा राहिला. "आगं," तो म्हणाला.

सहा बाया वळल्या. ती नाही.

त्याच्या ध्यानात आलं, इतक्या वर्षांत त्यानं तिला 'आगं'शिवाय दुसरी हाकच मारली नव्हती. ऐटीत लिहिलेलं सत्यशीला हे नावसुद्धा तोंडानं कधी घेतलं नव्हतं. कानशिलं तापली. सगळं कार्यालय बघत होतं.

"कडूबाई," तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं, "कडूबाई."

तिसऱ्या हाकेला ती उठली, पदर नीट केला आणि सावकाश पायऱ्या चढून आली.

"ऐकू आलं न्हाई का?" त्यानं विचारलं.

"पहिल्याच बारीला आलतं," ती म्हणाली, आणि अंगठा लावायला आत गेली.